चातुर्मास, शुगर आणि राग : माझा अनुभव

आषाढी एकादशीच्या थोडं आधी माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 6.2 आलं आणि बीपी 140 च्या वर. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी. डॉक्टर बाईंनी बीपीची गोळी चालू केली, शुगरला अजून गोळी नको म्हणाल्या, आधी खाणं, झोप, चालणं सांभाळा, तीन-चार महिन्यांनी परत बघू. नेमका चातुर्मास लागत होता, कांदा-लसूण-वांगं आमच्याकडे तसंही बंद असतं, मी ठरवलं यावेळी नियम नुसता ताटापुरता नको.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्ताहारविहारस्य पुष्कळांना पाठ असतो, पण मला त्याच्या आधीचा 16 वा श्लोक जास्त कामाचा वाटला, अती खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, अती झोपणाऱ्याला नाही आणि जागरण करणाऱ्यालाही नाही, इतकं सरळ सांगितलंय. मग एकादशीची साबुदाण्याची खिचडी बंद केली, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि त्यात परत बटाटा. सासूबाईंना आधी पटेना, म्हटलं अहो आई, उपास मोडत नाहीये, राजगिऱ्याची भाकरी खाते ना. मग त्यांनीच लाल भोपळ्याचं भरीत करून दिलं, दही, दाण्याचं कूट आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी, इतकं छान लागतं की आता एकादशी नसली तरी होतं.

सकाळी लवकर ठाण्यातल्या तलावपाळीला चक्कर आणि कोपिनेश्वराचं दर्शन. (शंकराची प्रदक्षिणा सोमसूत्री, पन्हळ ओलांडायची नाही, तिथून परत फिरायचं, त्यामुळे चालणं तळ्याभोवतीच होतं.) घरी येऊन सूर्यनमस्कार, मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत बाराच, पण सावकाश.

खरा फरक मात्र चरकसंहितेने, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाने पडला. त्याच्या सूत्रस्थान या भागातला सातवा अध्याय वेगांपासून, म्हणजे शरीर-मनाच्या आपोआप येणाऱ्या ऊर्मींपासून सुरू होतो. लघवी, शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू असे शरीराचे 13 वेग अडवू नका आणि लोभ, भय, क्रोध, ईर्ष्या, कठोर बोलणं, खोटं बोलणं हे वेग अडवा. आता ठाण्याहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या कुठल्याही बाईचा दिवस बघा, बरोब्बर उलटा असतो, मधे बाथरूम नको म्हणून पाणी प्यायचं नाही, मीटिंग चालू आहे म्हणून भूक मारायची, झोप मारायची आणि जो अडवायचा तो राग संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या मुलांवर मोकळा. हे वाचून मी अक्षरशः हललेच.

मग पाण्याची बाटली डेस्कवर आणि डबा साडेबाराला म्हणजे साडेबारालाच, मीटिंग थांबते आपल्यासाठी, सांगितलं की थांबते. रागासाठी एकच नियम, तोंडातून शब्द निघायच्या आधी श्रीराम जय राम जय जय राम मनात एकदा पूर्ण म्हणायचं. लेक गणिताची वही शाळेतच विसरून आला त्या दिवशी पहिल्यांदा खरा कस लागला, म्हणून झालं आणि मग माझ्या तोंडून निघालं ते इतकंच की मित्राकडून फोटो मागव. पूर्वी अर्धा तास आरडाओरडा झाला असता. त्याने माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

कार्तिकी झाल्यावर रिपोर्ट केला, एचबीएवनसी 5.8. बीपी पण खाली आलंय पण गोळी चालू आहे, ती कमी करायची का ते डॉक्टरच ठरवतील, श्लोक म्हणतो म्हणून गोळी सोडायची असं कुणी करू नका. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर एकादशीचं डॉक्टरांना विचारूनच करा, रिकाम्या पोटी शुगर एकदम खाली जाऊ शकते. आमच्या सासऱ्यांना इन्सुलिन आहे, ते एकादशीला वेळेवर जेवतात आणि नामाच्या माळा जास्त ओढतात.