कंदिलाच्या सांध्याला तीन हात लागतात

चकली कुणाच्या हातची, हे दिवाळीत पाहुण्यांनाही कळतं. श्रेय आईला मिळतं, आजीला मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. आकाशकंदील मात्र बहुतेक घरांत बाबांकडे असायचा. बांबू तासायचे बाबा, दोऱ्याचं टोक दातात धरून गाठ आवळायचे बाबा, स्टुलावर चढून वायर ओढायचे तेही बाबाच. कंदील चार दिवस लागायचा आणि उतरायचा, पण त्याबद्दल बाबांशी कुणी दोन शब्द बोललं असेल असं वाटत नाही. वडिलांचे तोंडावर आभार मानायची आपल्याकडे सवयच नाही. म्हणून वसुबारसेच्या आधीचा शनिवार-रविवार मोकळा ठेवा आणि त्यांच्याजवळ बसून कंदील करा. हे काम एकट्याने नीट होत नाही. दोन कामट्या जुळवून धरायला दोन हात गुंतले की दोरा गुंडाळायला तिसरा लागतो. तो तिसरा हात तुमचा.

सगळ्यात सोपा आणि देखणा सांगाडा सहा चौकोनांचा. चार चौकोन टोकावर उभे, शंकरपाळ्यासारखे, आणि एकेक वर-खाली आडवा. चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. सगळ्या 24 कामट्या एकाच मापाच्या. कोपरा ते कोपरा 20 सें.मी. हवं असेल तर कामटी 22 सें.मी.ची कापा आणि दोन्ही टोकांपासून 1 सें.मी.वर पेन्सिलीने खूण करा. ही बाहेर राहिलेली टोकंच पुढे चौकोन एकमेकांना बांधताना उपयोगी पडतात. शिवाय 30 सें.मी.च्या तीन कामट्या आणि चार-पाच जास्तीच्या, कारण तासताना एखादी मोडतेच.

पुण्यात बुरूड आळीत बांबू मिळतो, इतर गावांत बुरडाकडे विचारावं. दोन पेरांमधला सरळ भाग घ्या. गाठ आलेली कामटी तासताना सुरी उडते आणि वाकवली तर तिथेच तुटते. जाडी 3 ते 4 मि.मी. पुरे. जाड कामटीने कंदील जड होतो आणि कागदावर काळी सावली पडते. तासून झाल्यावर काचकागद फिरवा, नाहीतर मुलांच्या बोटांत कुसळं जातात. परदेशातल्या मराठी घरांना हे सगळं सोडून देता येईल. तिथे किराणा दुकानात कबाबासाठी बांबूच्या 30 सें.मी.च्या काड्या मिळतात, त्या सरळही असतात आणि गुळगुळीतही.

आता गाठ. बाबांना विचारायची खरी गोष्ट हीच, आणि विचारल्यावर ते न कंटाळता दाखवतील. बांबूची पाठ चकचकीत असते, त्यामुळे नुसता गुंडाळलेला दोरा सरकतो. खुणेच्या जागी सुरीने बारीकशी खाच पाडा. जाड सुती दोरा फुलीसारखा एका तिरप्या दिशेने चार वेळा, दुसऱ्या दिशेने चार वेळा घ्या. मग दोन कामट्यांच्या मधून, फुलीच्या भोवती दोन वेढे देऊन करकचून ओढा. या मधल्या वेढ्यांशिवाय सांधा घट्ट होतच नाही, आणि घाईत नेमके तेच राहतात. शेवटी गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब. नायलॉनचा दोरा नको, त्याची गाठ सुटते. चौकोन बांधून झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, म्हणजे 28 सें.मी.ला किंचित जास्त, भरले तर चौकोन खरा. चौकोनांचे 24 सांधे आणि ते एकमेकांना जोडायचे 12, मिळून 36. शनिवार यातच जाईल, जाऊ द्या. दोरा ओढताना माणसं जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्यावर बोलत नाहीत.

सहा चौकोन जोडले तरी सांगाडा हातात पिळतो, कधी कधी मिटायलाच लागतो. तुमचं बांधणं चुकलेलं नसतं. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र सहज कलंडून तिरका होतो, आणि इथे सहाही चौकोन मोकळे आहेत. प्रत्येक चौकोनाला कर्ण दिला की सांगाडा ताठ उभा राहतो. वरच्या चौकोनात 30 सें.मी.च्या दोन कामट्यांची फुली बांधा, होल्डर तिलाच लटकतो. खालच्यात एकच कामटी तिरपी. उरलेल्या अर्ध्या जागेतून दिवा बदलायला हात जातो. बाजूच्या चारांत बारीक पांढऱ्या दोऱ्याची फुली ताणून बांधा. दोरा फक्त ओढ सोसतो, म्हणून तिथे एक कर्ण पुरत नाही, दोन्ही हवेत. कागद लावल्यावर हा दोरा जवळजवळ दिसत नाही.

खळ शनिवारी रात्रीच करून ठेवावी. दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं आणि मुलं हात तोंडात घालतात, तेव्हा ते वगळा. पातळ खळीने पतंगाचा कागद ओला होऊन फाटतो आणि गरम खळीने लगेच सुरकुततो, म्हणून पूर्ण गार झालेली, दाटसर खळच वापरा.

कागद मापाने कापू नका. हातचा सांगाडा कितीही नीट बांधला तरी दोन त्रिकोण सारखे निघत नाहीत. सांगाडाच तावावर टेकवून कडेने पेन्सिल फिरवा आणि बाहेर 1 सें.मी. सोडून कापा. खळ कागदाला नाही, कामटीला लावायची. कागद ठेवून मधून कडेकडे ताणत न्या, मग कड दुमडा. ओला असताना तो थोडा ढिला दिसतो, वाळताना ताणला जातो. म्हणून तेव्हा ओढाओढ करू नये. बाजूच्या चौकोनांना पिवळा, केशरी किंवा पांढरा कागद, कारण उजेड त्यांतून येतो. निळा-जांभळा त्रिकोणांना. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहू द्या, उष्णता बाहेर पडायला वाट हवी. कडांना बेगडीच्या पट्ट्या आणि खाली अर्ध्या मीटरच्या झिरमिळ्या. झिरमिळ्या कापणं मुलांचं काम. वेड्यावाकड्या झाल्या तरी वाऱ्यावर छानच दिसतात.

बाबांचं वय झालं असेल तर त्यांना जमिनीवर बसवू नका, टेबलाशी उजेडात बसवा. हात थरथरत असतील तर मापं, खुणा आणि कर्ण तपासणं त्यांच्याकडे द्या, दोरा तुम्ही ओढा. एका बैठकीला दीड तास पुरे.

दिवा 5 किंवा 7 वॅटचा एलईडी. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब कागद करपवतो. वायरीवर कंदिलाचं वजन कधीही येऊ देऊ नका. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार सुतळ्या बांधून एका कडीत घ्या आणि कडी हुकात अडकवा. वायर सैल सोडा. परतीचा पाऊस अजून गेला नसेल तर कंदील पागोळीच्या आत हवा, एका सरीत कागदाचा रंग उतरतो.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला की ओल्या फडक्याने कागद सोडवून घ्या आणि सांगाडा पूर्ण वाळवून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी खाली काढताना आधी झटकून बघा. पिवळसर भुकटी पडली तर बांबूला कीड लागली आहे, ती कामटी बदला. एखादा सांधा सैल झाला असेल तर जुना दोरा कापू नका. बाबांची गाठ तशीच ठेवून तिच्यावरून नवा दोरा घ्या.