‘हे खरे आहे काय?’ : अधिवेशनातला प्रश्न लिहिताना

‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, असं उत्तर छापून आलं की मतदारसंघातली माणसं मंत्र्यांवर चिडतात. चिडण्याआधी आमदाराच्या कार्यालयातून आपण काय विचारलं होतं ते एकदा वाचावं. दहांतल्या निम्म्या वेळी हे उत्तर प्रश्नातच लिहून ठेवलेलं असतं.

विधानसभेतला तारांकित प्रश्न ठरलेल्या साच्यात जातो. पहिल्या भागात वस्तुस्थिती सांगून ‘हे खरे आहे काय’, दुसऱ्यात ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले’, तिसऱ्यात ‘तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. पुढचे तिन्ही भाग पहिल्याला टांगलेले असतात. पहिला पडला की सगळं कोसळतं.

उदाहरण घेऊ. एका गावात जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाने पाणी देण्याची, योजना आहे. नळ बसलेत, पाणी नाही. कार्यकर्ते निवेदन आणून देतात आणि घाईत प्रश्न लिहिला जातो: ‘अमुक तालुक्यातील जलजीवन मिशनच्या कामांमध्ये मोठ्या प्रमाणावर भ्रष्टाचार झाला आहे, हे खरे आहे काय?’ कुठलाही कक्ष अधिकारी याला ‘हे खरे नाही’ असंच लिहून देणार. भ्रष्टाचार हा निष्कर्ष आहे आणि तो मान्य करायला त्याच्यासमोर कागद नाही. मुळात आरोप, अनुमान किंवा विशेषणं असलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयातच अडण्याची शक्यता जास्त.

तोच विषय असा लिहा: ‘मौजे अमुक येथील नळपाणी पुरवठा योजनेच्या जलकुंभाचे काम अपूर्ण असताना सर्व नळजोडण्या कार्यान्वित झाल्याची नोंद करण्यात आल्याचे माहे मे, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय?’ आता अधिकाऱ्याला मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, उघडावंच लागतं. जलकुंभ झाला की नाही, हे नाकारता येत नाही. मग पुढचा भाग: ‘असल्यास, उक्त कामापोटी कंत्राटदारास किती रकमेची देयके कोणत्या दिनांकास अदा केली, व त्यापूर्वी त्रयस्थ संस्थेची तपासणी झाली होती काय?’ उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असं आलं तरी अर्धं काम झालं.

‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द कधीही गाळू नका. नुसती १२ तारीख लिहिली आणि घटना ११ तारखेची निघाली, तर तेवढ्या एका दिवसावर ‘हे खरे नाही’ म्हणता येतं. तसंच एका प्रश्नात एकच विषय. रस्ता, शाळा आणि पाणी एकत्र आणलं की तीन विभागांत फाइल फिरते आणि उत्तर कोणीच नीट देत नाही. विभागही बरोबर हवा. ग्रामविकासाचा रस्ता सार्वजनिक बांधकामाला विचारला, तर प्रश्न वर्ग होण्यातच दिवस जातात. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे का, हेही आधी बघून ठेवावं.

हे सगळं अधिवेशनाच्या कितीतरी आधी करायचं असतं, कारण तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशन सुरू होण्यापूर्वीच संपते. तोंडावर येऊन ‘साहेब, आमचा प्रश्न लावा’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगणं हेही आमदाराच्या पीएचं (स्वीय सहायकाचं) कामच आहे.

प्रश्नोत्तराच्या तासात सगळे प्रश्न पुकारले जात नाहीत. यादीतल्या वरच्या काहींचीच पाळी येते आणि गदारोळ झाला तर तीही जाते. पण छापील उत्तर रेकॉर्डवर राहतं, त्यामुळे मेहनत वाया जात नाही. आपला प्रश्न वर असेल तर उत्तर आधीच हातात असतं, म्हणून सभागृहात उभं राहून प्रश्न पुन्हा वाचू नये. थेट उपप्रश्न, एक किंवा दोन. पाचवी ते दहावीच्या पुस्तकातला इतिहास सांगत बसलात तर अध्यक्ष ‘प्रश्न विचारा’ म्हणतात आणि मंत्री सुटतात. उपप्रश्न असा हवा की उत्तरात तारीख किंवा आकडा यावाच लागेल: ‘जलकुंभ कोणत्या महिन्यात पूर्ण होणार?’

तातडीच्या विषयाला लक्षवेधी, म्हणजे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. तिचा मजकूर म्हणजे एकच लांबलचक वाक्य असतं, शेवटी ‘शासनाने करावयाची कार्यवाही व प्रतिक्रिया’. विषय ताजा, एकच आणि नेमका असेल तर स्वीकारली जाण्याची आशा. वर्षानुवर्षांचं दुखणं लक्षवेधीत घालायचं असेल तर त्यातलं अलीकडे काय घडलं, ते पहिल्या ओळीत यायला हवं.

पैशाची बाजू वेगळी. ‘पंचवीस-पंधरा’ची कामं म्हणजे ग्रामविकासाच्या लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) २५१५ मधली, ‘पाच हजार चोपन्न’ म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च. अर्थसंकल्पाचं भाषण ऐकून मग रस्त्याचं पत्र देणारा आमदार वर्षभर मागे पडतो, कारण प्रस्ताव त्याआधीच विभागातून वर जावा लागतो. हुकलं तर पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मध्ये मांडल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्यांची, वाट. आणि काम यादीत आलं म्हणून पेढे वाटू नयेत, समोरची तरतूद किती ते बघावं. कामाची किंमत कोटींत आणि तरतूद नाममात्र असेल तर काम सुरू होतं, देयक थकतं, ठेकेदार यंत्रं घेऊन निघून जातो आणि खडी रस्त्याकडेला पडून राहते.

विधेयकं वाचायला आमदारांना मिळतो त्याहून जास्त वेळ मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. प्रत हातात पडते आणि चर्चा लगेच असते. तरी दुरुस्ती सुचवायची तर ‘हे कलम अन्यायकारक आहे’ एवढं भाषण पुरत नाही. ‘खंड ३, पोटखंड (१) मधील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करावा’ असं लेखी द्यावं लागतं. वेळ मिळाला की काय होतं, ते विशेष जनसुरक्षा विधेयकात दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या आणि जुलै २०२५ मध्ये काही बदलांसह मंजूर झालं. ते आणि त्यातले बदल पटोत न पटोत, त्यातला शब्द न् शब्द लोकांनी वाचला.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात वेळ आणखी कमी. आमदार निवासाच्या खोलीबाहेर सकाळी सातपासून रांग, दुपारी मोर्च्याचं निवेदन घ्यायला बाहेर जायचं, मध्येच गणपूर्तीची (कामकाजाला लागणाऱ्या किमान उपस्थितीची) घंटा. २८८ जणांच्या सभागृहात गणपूर्ती २९ ची, आणि तेवढेही आत नसतात तेव्हा ही घंटा होते. निवेदन खिशात ठेवून परत येऊ नये. त्यातले दोन ठोस मुद्दे काढून दुसऱ्या दिवशीच्या औचित्याच्या मुद्द्याची, म्हणजे सभागृहात विषय थोडक्यात मांडण्याची, सूचना त्याच संध्याकाळी लिहावी.

सगळ्यात दुर्लक्षित काम मात्र भाषणानंतरचं. मंत्री ‘एक महिन्यात बैठक घेतो’ किंवा ‘चौकशी करून कारवाई करू’ म्हणाले की बाकं वाजतात आणि विषय तिथेच संपतो. तसं होऊ देऊ नका. प्रतिवेदकांनी (सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपणाऱ्यांनी) टिपलेल्या कामकाजाची असुधारित, म्हणजे अजून न तपासलेली, प्रत मिळवा. त्यातलं मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून, दिनांकासह, विभागाच्या सचिवांना पत्र लिहा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. सभागृहात दिलेला असा शब्द आश्वासन ठरू शकतो आणि विधानमंडळाची आश्वासन समिती विभागाला त्याचा जाब विचारते. त्या पत्राचा जावक क्रमांक एका वहीत टिपून ठेवा. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पहिला भाग तिथूनच लिहायचा असतो: ‘अमुक दिनांकास मा. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले होते, हे खरे आहे काय?’