मजुरीचा रकाना

तालुका न्यायालयात विधी सेवा समितीच्या पॅनलवर मी वकिली करते. स्त्रीला मोफत वकील मिळायला तिचं उत्पन्न आड येत नाही, १९८७च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. त्याच वाटेने ती माझ्याकडे आली. वय तेवीस, कडेवर वर्षाची मुलगी, पिशवीत शंभर पानी वही.

पोटगीचा अर्ज टायपिस्टने नेहमीच्या नमुन्यावरून काढला होता. 'सामनेवाल्याने देवळात अर्जदाराच्या गळ्यात मंगळसूत्र बांधले' हे वाक्य त्यात जसंच्या तसं राहिलं होतं. मी न वाचताच अर्ज तिच्यापुढे सहीला ठेवला, ही माझी चूक. ती एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचत गेली आणि तिथे थांबली.

"मॅडम, हे खोडा. त्याने लग्न केलंच नाही, तीच तर माझी तक्रार आहे."

ते वाक्य गेलं की काय काय जातं, हे तिला सांगणं भाग होतं. आईला स्वतःसाठी पोटगी मागायची तर ती 'पत्नी' लागते. लेकराला ती अट नाही. औरस असो वा अनौरस, बापाने पोसायचंच. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, जुलै २०२४पासून नव्या संहितेत १४४ झालं, पण हे बदललेलं नाही. तिने विचारलं, "आणि त्याच्या शेतात हिला काही?" हिंदू उत्तराधिकार कायद्यात अशा मुलाचं नातं आईकडूनच धरतात. लग्न लागलं पण कायद्याने ते रद्दबातल ठरलं, तरी त्या मुलांना बापाच्या हिश्श्यात वाटा मिळतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते आणखी स्पष्ट केलंय. जिथे लग्नच नाही, तिथे तेही नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तरी खोडा."

मी खोडलं. अर्जदार म्हणून मुलगी उरली, आईमार्फत.

आता वहीबद्दल. मुलीच्या जन्मापासूनचा एकेक खर्च त्यात होता. दूध, तापाचं औषध, दवाखान्याला जायचं एसटीचं तिकीट. औषधाच्या पावत्या भाताच्या शिताने चिकटवलेल्या. शेवटचा रकाना होता 'मजुरी'. बाळंतपणाआधी ती शिवणकामाच्या कारखान्यात महिना नऊ हजार मिळवायची. आता घरी पिको-फॉल करून साडेतीन हजार. तिची आई रोजंदारीवर जाते, अंगणवाडीत तीन वर्षं पूर्ण झाल्यावर बसवतात, तोवर मूल ठेवायचं कुठे? म्हणून दर महिन्यापुढे तिने ५,५०० लिहिले होते. मी म्हटलं, "हा रकाना काढ. न्यायालय लेकराचा खर्च धरतं, तुझी बुडालेली मजुरी नाही." तिने पट्टी ठेवून प्रत्येक पानावर सरळ रेघ मारली. मला ते बघवलं नाही.

सामनेवाल्याने म्हणणं दिलं, मूल माझं नाहीच. डीएनए तपासणीचा आदेश झाला, तर तीन तारखा गैरहजर. प्रत्येक तारखेला तिचा दिवस बुडायचा, त्याचा टेम्पो मात्र चालू असायचा. नमुना दिला नाही तर तुमच्याविरुद्ध निष्कर्ष काढावा लागेल, असं न्यायाधीशांनी बजावलं तेव्हा कुठे त्याने पितृत्व कबूल केलं.

शेवटच्या युक्तिवादाचा दिवस मला नीट आठवतो. २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने उत्पन्न लिहिलं होतं ८,०००, मजुरी. दोन पानं पुढे कर्जाच्या खाली टेम्पोचा हप्ता, महिना ११,२००. न्यायाधीशांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि विचारलं, "मग जेवता काय?" त्याच्या वकिलांकडे उत्तर नव्हतं. त्याआधी उलटतपासात त्यांनी वही एका बैठकीत लिहिल्याचं सुचवलं होतं. ती म्हणाली होती, "साहेब, पेनं बघा. चार बदललीत." न्यायाधीशांनी वही मागवून घेतली आणि पानं चाळत गेले. रेघ मारलेल्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे काय?" मी उठून सांगितलं, मागणीत नाही. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. कायद्याने त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, हे मला कळतं. पण दूध मोजायचं आणि ते पाजणाऱ्या हातांचा दिवस मोजायचा नाही, हा हिशेब मला आजही पटत नाही.

महिना ४,००० मंजूर झाले, अर्जाच्या तारखेपासून. चौदा महिन्यांचे ५६,०००. पूर्वी महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली उठली नसती तर एवढेही हाती लागले नसते.

दोन महिने झाले, एक रुपया आला नाही. वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत टाकावा लागतो, म्हणून तिला बोलावून घेतलं. मुलगी आता चालत आली, आईचा पदर धरून. तिने वही टेबलावर उघडली. पानं नवी होती, पट्टीने आखलेली, आणि शेवटच्या रकान्यावर पुन्हा लिहिलं होतं, 'मजुरी'. या वेळी मी काढ म्हटलं नाही. वसुलीच्या अर्जात तो आकडा जात नाही, एवढंच सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "हे मोठी झाल्यावर हिला दाखवायला."