कॉन्कॉर्डची गीता, वॉल्डनची विहीर

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग लाइनची लोकल पकडली की पाऊण तासात कॉन्कॉर्ड येतं. गाव यायच्या थोडं आधी झाडांच्या फटींतून वॉल्डन तळं क्षणभर चमकतं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो तळ्याकाठी राहायचा तेव्हाही आगगाडी इथूनच जायची, आणि गावात जायला तो याच रुळांच्या कडेने चालायचा. ऑक्टोबर होता, मेपल लाल झाले होते. बरोबर माझी मावसबहीण होती. ती बरीच वर्षं बॉस्टनजवळ राहते, पण तिचं कॉन्कॉर्ड म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पूल आणि शाळेची सहल. मला बघायचं होतं ते गीता पोचलेलं कॉन्कॉर्ड.

ती पोचली 1845 च्या जूनमध्ये. थोरोचा मित्र, विचारवंत आणि कवी राल्फ वॉल्डो इमर्सनने 17 जूनला एलिझाबेथ होर हिला पत्र लिहिलं, त्यात गावात ‘भगवद्गीता’ आल्याची बातमी दिली. उतारे पूर्वी वाचले होते, पुस्तक हातात पहिल्यांदाच आलं, असं तो म्हणतो. आणि गीतेला बौद्ध धर्माचा नामांकित ग्रंथ म्हणतो. हे वाचून हसू नये असं मला वाटतं. चार्ल्स विल्किन्सचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं गेलं 1785 साली, वॉरन हेस्टिंग्जच्या शिफारशीने. तिथून साठ वर्षांनी ते मॅसॅच्युसेट्सच्या या खेड्यात येतं. कोणी शास्त्री नाही, पंडित नाही, अर्थ सांगायला कीर्तनकार नाही. हातात नुसतं पुस्तक आणि ते समजून घ्यायची तळमळ.

इमर्सनच्या अभ्यासिकेतलं मूळ सामान आता त्याच्या घरासमोरच्या कॉन्कॉर्ड म्युझियममध्ये आहे. मधोमध गोल मेज, भिंतीला पुस्तकं. त्या खोलीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. ‘द डायल’ या नियतकालिकाचा तो संपादक झाल्यावर, 1842 पासून, त्यात जगभरच्या धर्मग्रंथांतले वेचे छापायला सुरुवात झाली. पहिल्याच वेळी हितोपदेश. पुढे मनुस्मृती, कन्फ्युशियस. 1844 च्या जानेवारीत सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचा एक भाग आला, एलिझाबेथ पीबॉडीने फ्रेंचवरून इंग्रजीत आणलेला. बहुतेक शेजारीपाजारी रविवारी चर्चमध्ये बायबलशिवाय दुसरं काही ऐकत नसतील, त्या काळातली ही गोष्ट.

आणि मग 1857 च्या नोव्हेंबरमध्ये ‘अटलांटिक मंथली’च्या पहिल्याच अंकात इमर्सनची ‘ब्रह्म’ ही कविता आली. मारणाऱ्याला वाटतं मी मारलं, मेलेल्याला वाटतं मी मेलो, दोघांनाही माझी वाट ठाऊक नाही, अशी तिची सुरुवात. ‘य एनं वेत्ति हन्तारं यश्चैनं मन्यते हतम्’ हे ज्याच्या कानावरून गेलंय त्याला ती पहिल्या ओळीतच ओळखू येते. कठोपनिषदातही हाच विचार आहे. तिथल्या वाचकांना मात्र काही उमगलं नाही. वर्तमानपत्रांत विडंबनांचा पाऊस पडला. इमर्सनने मुलीला सांगितलं म्हणे, की ब्रह्माऐवजी यहोवा, म्हणजे बायबलमधला देव, म्हणायला सांग, म्हणजे लोकांना अडचण वाटणार नाही.

गावच्या चौकाजवळ जुन्या तुरुंगाच्या जागी एक फलक आहे. 1846 च्या जुलैत थोरो मोचीकडे दिलेला बूट आणायला गावात आला होता. गुलामगिरी चालू देणाऱ्या आणि मेक्सिकोवर चढाई करणाऱ्या सरकारला त्याने कर दिला नव्हता, म्हणून त्याला धरलं आणि एक रात्र इथे कोंडलं. वय 29. फलक वाचताना मला मंडालेचा तुरुंग आठवला, जिथे टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, आणि धुळ्याचा, जिथे 1932 साली विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता सांगत होते. गीता वाचणारे तिघेही तुरुंगात गेले. पण थोरोची वाट वेगळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

त्याचं पहिलं पुस्तक 1849 चं, भावाबरोबर केलेल्या होडीच्या प्रवासाचं. त्यातल्या ‘सोमवार’ या प्रकरणात तो गीतेबद्दल पानंच्या पानं लिहितो. इतक्या उंच, इतक्या निर्मळ भूमीवर मन नेणारं दुसरं पुस्तक नाही, असं मानतो. आणि मग कृष्णाशी सरळ वाद घालतो. अर्जुनाने का लढावं याचं पुरेसं कारण दिलेलंच नाही. अर्जुनाला पटलं असेल, वाचकाला पटत नाही!

मी हे सांगितल्यावर ताई थांबलीच. “अगं, मग अर्जुनाने धनुष्य खाली ठेवायचं होतं का?”

“त्याचं म्हणणं, कर्तव्य आहे हे ठरवायचं कोणी? नेमून दिलेलं म्हणून करायचं का? विवेक कुठे गेला?”

“टिळक काय म्हणाले असते याला?”

त्यावर वॉल्डनपर्यंतचा सगळा रस्ता आम्ही बोलत होतो. टिळकांचं उत्तर तयार आहे: स्थितप्रज्ञाची बुद्धी शुद्ध झालेली असते, म्हणून त्याचं कर्म आंधळं नसतं. पण थोरोचा प्रश्न त्याने मिटत नाही. गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करणारा बॉस्टनचा शिपाईसुद्धा कर्तव्यच करत होता. गीतेवर जीव असलेल्या वाचकाने गीतेला विचारलेला हा प्रश्न आहे. ‘अमेरिकन विचारवंतांवर आपल्या गीतेचा प्रभाव’ अशा मथळ्यांचे लेख आपल्याकडे पुष्कळ लिहिले जातात. त्यांत हा वाद कुठेच नसतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. नमस्कार करून पुस्तक बाजूला ठेवणं सोपं असतं. थोरोने ते कृष्णासमोर बसून वाचलं.

वॉल्डन गावापासून दीडेक मैलावर आहे. इमर्सनच्या मालकीच्या जागेत थोरोने झोपडी बांधली, दहा बाय पंधरा फुटांची, खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. 4 जुलै 1845 ला तो तिथे राहायला आला, म्हणजे गीता गावात आल्यावर तीन आठवड्यांच्या आत. झोपडीच्या जागी आता दगडी खांब रोवलेत, शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी रचलेला दगडांचा ढीग. त्याचं हिरवं मेज सकाळी म्युझियममध्ये पाहिलं होतं, त्यामुळे खिडकीशी ते कुठे मावत असेल याचा अंदाज घेता आला. तळं नितळ आहे. थोरोने खोली मोजली ती 102 फूट.

1846-47 च्या हिवाळ्यात बर्फ कापायला रोज शंभर आयरिश मजूर इथे येत. बॉस्टनचा बर्फ तेव्हा जहाजांतून हिंदुस्थानात जायचा. पहिलं जहाज 1833 मध्ये कलकत्त्याला पोचलं, आणि मुंबईतही या बर्फाचं गोदाम उभं राहिलं. मजुरांनी काठावर दहा हजार टनांचा ढीग रचला, पण त्यातला थोडाच उचलला गेला. उरलेला 1848 च्या सप्टेंबरपर्यंत वितळत राहिला, म्हणजे तळ्याने आपलं पाणी परत घेतलं. थोरोला मात्र हे पाणी दूरवर जाताना दिसलं. मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, असं तो ‘वॉल्डन’ या पुस्तकात लिहितो. सकाळी आपली बुद्धी गीतेच्या तत्त्वज्ञानात न्हाऊन निघते. पुस्तक ठेवून विहिरीवर जावं, तर तिथे गंगेकाठच्या ब्राह्मणाचा नोकर धन्यासाठी पाणी भरायला आलेला, आणि दोघांच्या बादल्या एकाच विहिरीत एकमेकींना घासतात.

हा उतारा मी पूर्वी अनेकदा वाचला होता. काठावर उभं राहून वाचला तेव्हा महाड आठवलं. कोणाची बादली कोणत्या पाण्यात जाऊ शकते, हा आमच्याकडे जगण्यामरणाचा प्रश्न होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. तीच मनुस्मृती थोरोला भव्य वाटली होती. तिच्याबद्दल तो फार आदराने लिहितो. त्याला जातीची कल्पना नव्हती असंही नाही. ब्राह्मणाची कर्तबगारी जातीच्या कल्पनेने लुळी झाली आहे, असं त्याच ‘सोमवार’ प्रकरणात त्याने लिहून ठेवलंय. पण लुळ्या झालेल्या ब्राह्मणापलीकडे, विहिरीपासून दूर ठेवलेला माणूस त्याला दिसला नाही. स्वतःच्या देशातला गुलाम ज्याला इतका स्पष्ट दिसत होता, त्याला तो दिसू नये, याची मला हळहळ वाटली. पुस्तकं बोटीने येतात. त्या पुस्तकांखाली जगणारी माणसं येत नाहीत.

पुस्तकं पुढेही आली. थॉमस चोमली या इंग्रज मित्राने 1855 च्या अखेरीस त्याला 21 ग्रंथ पाठवले, एकूण 44 खंड, बहुतेक सगळे हिंदू वाङ्मयाचे. थोरोने कॉन्कॉर्ड नदीत वाहत आलेली लाकडं गोळा करून त्यांच्यासाठी कपाट केलं. पण ‘वॉल्डन’ तर आदल्याच वर्षी छापून झालं होतं! इतका मोठा खजिना हाती येण्याआधीच, इमर्सनच्या कपाटातली आणि हार्वर्डच्या ग्रंथालयातली पुस्तकं उसनी आणून त्याने आपलं काम केलं होतं. नंतर त्याच्या वह्या झाडं, बिया आणि ऋतू यांनीच जास्त भरत गेल्या.

कॉन्कॉर्डला जाणार असाल तर सकाळी म्युझियम करा, दुपारी चालत वॉल्डनला जा. आणि निघण्याआधी थोरोच्या पहिल्या पुस्तकातलं ‘सोमवार’ हे प्रकरण वाचा, शेजारी गीतेचा दुसरा आणि तिसरा अध्याय उघडा ठेवून. ताईने घरी आल्यावर तेच केलं. थोरोचं म्हणणं तिला अजून पटलेलं नाही. आमचं फोनवर चालू आहे.