आमच्या दिंडीचे गुरुजी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान होतं. तिथून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट आमची दिंडी चालते ती गुरुजींनी घालून दिलेल्या शिस्तीने. गुरुजी पेशाने प्राथमिक शिक्षक, दिंडीत विणेकरी. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात आहे, पण पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं तसंच चालतं. त्यांच्या ऋणाबद्दल लिहायचं तर नुसतं कौतुक पुरत नाही, त्यांनी काय शिकवलं तेच सांगायला हवं.

पहिला धडा पायांचा. नवी चप्पल किंवा नवे बूट वारीत आणायचे नाहीत, निदान महिनाभर पायात रुळलेलेच हवेत. मुक्कामाला पोचलं की पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि मग तळव्यांना खोबरेल चोळायचं. पावसात भिजलेले मोजे दिवसभर तसेच राहिले की कातडी पांढरी, लिबलिबीत होते आणि पुढच्या टप्प्यात तिथेच फोड येतात. फोड आला तर वरची कातडी सोलायची नाही, आतल्या ओल्या जागेवरचं तेच पांघरूण असतं. सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला टोचायची, पाणी हलक्या हाताने काढायचं, मलम आणि वर पट्टी. मधुमेह असलेल्यांनी हा उद्योग स्वतः करायचा नाही. त्यांच्या तळव्याला खडा रुतलेलाही कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी दुसऱ्याने बॅटरी लावून त्यांचे पाय बघायचे आणि जखम दिसली की थेट वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे न्यायचं. हे बघायचं काम गुरुजी स्वतःकडे ठेवत. “माउली, पाय द्या इकडे,” म्हणत आणि निम्म्या वयाच्या माणसाचाही पाय मांडीवर घेत. मोठेपण म्हणजे काय, ते आम्हाला तिथे कळलं.

पुण्याचा दोन रात्रींचा मुक्काम हलला की सासवडचा टप्पा. तीस किलोमीटरच्या वरचं अंतर आणि उत्तरार्धात दिवे घाट. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. बहुतेक वर्षी हा दिवस एकादशीचा असतो आणि माणसं गळतात ती उपासामुळे कमी, चुकीच्या फराळामुळे जास्त. निरंकार राहिलेला हडपसरच्या पुढे डगमगतो, तर तुपात निथळलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्लेला ऐन चढावर पोट धरून बसतो. गुरुजींनी लावून दिलेला फराळ साधा: सकाळी भगर आणि शेंगदाण्याची पातळ आमटी, वाटेत केळं, राजगिऱ्याचा लाडू. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपासाला साधं मीठ न चालणाऱ्यांसाठी ते सैंधवाची पुडी बाळगत. घाटात पाऊल लहान टाकायचं आणि दम लागला तर ओळीतून बाहेर पडून थांबायचं. मध्येच थांबलेल्या माणसावर मागची अख्खी ओळ येऊन आदळते.

पण गुरुजींचा खरा जीव टाळात. नवा टाळकरी दोन्ही वाट्या समोरासमोर सपाट आपटतो. मध्ये हवा कोंडते आणि आवाज बद्द येतो. गुरुजी त्याची मनगटं धरून एक वाटी किंचित खाली सरकवत, म्हणजे आधी कडेला कड लागते आणि नाद मोकळा सुटतो. दोरी बोटांना आवळून गुंडाळायची नाही. तासाभरात बोट बधिर होतं आणि मग लय मागे पडते. दोरीखाली जुन्या सुती धोतराची पट्टी घेतली तर बोटं सोलत नाहीत. पावली खेळताना आधी पाय पक्के करायचे, टाळ नंतर. दोन्ही एकदम शिकायला गेलेला दोन्हींत चुकतो. मृदंगाचा सूर पावसात उतरतो, म्हणून सर आली की आधी त्यावर प्लास्टिक आणि मग आपल्या डोक्यावर. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक रात्री खरवडून काढायचीच, नाहीतर ती आंबते, कातडं खराब होतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्यांच्या मिळून होणाऱ्या आरतीला, ते नवीन माणसांना सोबत घेऊन उभे राहत. चोपदाराचा दंड वर गेला की एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतात. हरवल्या-सापडल्याची माहिती पुकारली जाते, मग आरती. रिंगणाबाबत त्यांची एकच ताकीद: अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती घ्यायला झेप घ्यायची नाही, चेंगराचेंगरी होते ती त्याच क्षणी.

ज्यांच्या पादुकांमागे आम्ही चालतो, त्या ज्ञानेश्वरांचे गुरू म्हणजे त्यांचेच थोरले बंधू निवृत्तिनाथ. शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता सांगताना ज्ञानेश्वरांनी अनेक अध्यायांच्या आरंभी गुरुस्तवन केलं आहे. गुरूचं ऋण उघडपणे बोलून दाखवायची रीत या वाटेवर तेव्हापासूनची आहे, म्हणून आम्हीही संकोच करत नाही.

आषाढ पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. गुरुपौर्णिमाही तीच. गुरुजी त्यासाठी एसटीने येतात. हार, शाल, पाकीट काहीच घेत नाहीत. “यंदा टाळ कुणाला शिकवला?” एवढंच प्रत्येकाला विचारतात. मग नव्या टाळकऱ्यांना पुढे बोलावून ठेका वाजवून घेतात आणि आवाज बद्द आला तर तिथेच मनगट धरतात.

काल्यानंतर बहुतेक वारकरी गाड्या धरतात. परतवारीची, म्हणजे पालखीबरोबर पायीच परतायची, सवय आमच्या दिंडीतल्या काहींना लागली ती गुरुजींमुळे, आणि त्यांना गुरुदक्षिणा द्यायची झाली तर ती हीच, असं मला मनापासून वाटतं. परतीचे टप्पे मोठे असतात. जाताना जागोजागी दिसणारे अन्नदानाचे मंडप आता उठलेले असतात, टँकरही कमी. शिधा आपलाच न्यावा लागतो: माणशी रोज चारशे ग्रॅम पीठ, शंभर ग्रॅम तांदूळ, पाऊणशे ग्रॅम डाळ. पीठ प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून गोळा होतं, त्याला पत्र्याचा डबाच हवा. राहुटी सखल रानात ठोकायची नाही, आणि चढाच्या बाजूने वीतभर खोल चर काढल्याशिवाय अंथरूण पसरायचं नाही.