पाणी निवळलं, पण ओसरलं नव्हतं

सदलग्याजवळ दूधगंगेवर पाणी मोजायच्या कामावर मी काही वर्षं होतो. पूर असला की तासातासाला पट्टीवरची पातळी बघायची, दिवसातून एकदा पाण्याचा वेग मोजायचा आणि गाळाच्या बाटल्या भरायच्या.

जुलैअखेरची ती सकाळ. रात्रीत पाणी हातभर चढलं होतं. पुलावरून करंट मीटर, म्हणजे धारेनं वाट्या फिरणारं वेग मोजायचं यंत्र, सोडला, खाली माशाच्या आकाराचं वजन. वाट्या फिरतील तसे हेडफोनमध्ये ठोके पडतात. ते मोजायचे, वेळ बघायची, त्यावरून वेग काढायचा. पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येक भागात हेच.

पहिल्याच भागात ठोका येईना. वायर सुटली असेल म्हणून मीटर वर घेतला, फुंकर मारली, तर वाट्या भिरभिरल्या. परत सोडला. टक्. मग बऱ्याच वेळानं आणखी एक टक्. पातळी वर आणि धार मेलेली!

बरोबरचा पोरगा म्हणाला, "तक्त्यातनं भरू काय विसर्ग?" इतक्या पातळीला इतका विसर्ग, असा तयार तक्ता असतो. मी नको म्हटलं. त्या दिवशी तो तक्ता धडधडीत खोटा ठरला असता.

मग बाटली भरली. चढत्या पुराचं पाणी तांबडं, दाट असतं. बाटलीपलीकडचं काही दिसत नाही. ही बाटली उजेडात धरली तर पलीकडची माझी बोटं दिसत होती.

मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, म्हशी असलेले एक मामा तिथंच उभे होते. २०१९ आणि २०२१चे महापूर अंगावरून गेलेला माणूस. बाटली बघून त्यांचा चेहरा उजळला. "पाणी निवळायलंय सायेब. म्हंजे वसरणार आता. म्हशी ऱ्हाऊ द्यात न्हवं गोठ्यात?"

मामांचा आडाखा चुकीचा नव्हता. नव्या पाण्याबरोबर रानातली माती धुऊन येते, म्हणून गाळाचा जोर बहुतेकदा पूर शिखराला पोचायच्या आधीच होऊन जातो. माझ्या गाळणकागदांवरही वर्षानुवर्षं तेच उमटलं होतं. पण आज धारच मेलेली होती, म्हणूनच मला भीती वाटली.

खाली कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा कोयनेचं, वारणेचं, पंचगंगेचं पाणी घेऊन फुगली, की दूधगंगेला पुढं वाट राहत नाही. ती मागं तुंबते. थांबलेलं पाणी गाळ धरत नाही, खाली टाकतं. संगमाकडं फोन लावला. कृष्णा चढतीच होती.

"मामा, हे निवळणं वसरायचं न्हवं. पाणी तुंबलंय. कृष्णा उतरल्याबिगर हे हलत नाही. म्हशी आत्ता काढा."

ते काही बोलले नाहीत. एकदा नदीकडं, एकदा बाटलीकडं बघितलं आणि भराभरा निघाले. मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात "फुगवटा" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी गोठ्यात पाणी शिरलं. म्हशी वरच्या रस्त्याला बांधलेल्या होत्या.

आठवड्यानं पाणी उतरल्यावर त्यांच्या उसात गेलो. एक पोंगा, म्हणजे शेंड्याची पानांची गुंडाळी, त्यांनी हातानं उकलून दाखवला. आत तळापर्यंत लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता आणि कोंब कुजायला लागला होता. बाटलीत न सापडलेला गाळ हा असा सरीसरीला, पोंग्यापोंग्यात उतरला होता.