रेस सोडल्यावर

तरण्या पावसातली, म्हणजे जुलैतली गोष्ट. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात मामा आले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेला झाडं कापायचा कटर कडेवर, लहान पोर आणावं तसा. त्यांनी तो बाकावर ठेवला. मी दोरी ओढली. इंचभरही आली नाही.

"परत बंद पडला की हो मेस्त्री."

त्यातला 'परत' मला लागला. हाच कटर मी मे महिन्यात नवा पिस्टन आणि नवं सिलिंडर घालून त्यांच्या हातात दिला होता. ४,२०० रुपये घेतले होते. दोन महिनेही झाले नव्हते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात जांबोटी रस्त्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणी पंप, गवत कापायची मशीनं, इंजिन-पंप आणि कटर. बिलावर 'चेन सॉ' लिहितो, बोलताना सगळे कटरच म्हणतात. मृगाच्या आधी लोकांना जळण फोडून घ्यायचं असतं, घरावर वाकलेल्या फांद्या उतरवायच्या असतात; पाऊस लागला की रस्त्यात आडवी झालेली झाडं. त्या दोन-अडीच महिन्यांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि बंद पडलेल्या कटरांतले बहुतेक कटर बिघडलेले नसतातच. मागच्या हंगामातलं पेट्रोल टाकीत राहिलेलं असतं, कार्बोरेटरमधला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, पापडासारखा कडक झालेला असतो, नाहीतर एअर फिल्टरवर भुशाचा थर बसलेला असतो. साफ करून दिला की तोच कटर परत गुरगुरायला लागतो.

मामांचा कटर तसा नव्हता. जुना, जर्मन बनावटीचा, मॅग्नेशियमच्या दोन भागांची क्रँककेस (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो ती पेटी) असलेला. मामा पंधरा वर्षं त्याच्यावर पोट भरतात. आदल्या दिवशी जांबोटीच्या पुढे एका गावात फणस गोठ्यावर पडला होता, आत जनावरं. मामांना बोलावलं. दोन फांद्या सुटल्या, तिसऱ्या कापात कटर रडल्यासारखा चढला आणि जागीच थांबला. मग कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढायची मोठी करवत. दीड-दोन तास गेले. म्हैस वाचली. रेडकू नाही.

हे सांगताना त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सायलेन्सर काढला. त्या भोकातून बॅटरी मारली की पिस्टनची बाजू दिसते, आणि निम्मं निदान तिथंच होतं. चांगल्या पिस्टनवर मशीनने मारलेल्या बारीक आडव्या रेघा शाबूत असतात. इथं उभे ओरखडे होते, राखाडी, नखाला टोचणारे, आणि पिस्टनची रिंग त्याच्याच ॲल्युमिनियममध्ये चिकटून बसली होती. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला जास्त. तीच बाजू सगळ्यात जास्त तापते.

टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलचा वेगळा चेंबर नसतो. पेट्रोलात लिटरला २० मिली टू-टी ऑइल मिसळायचं, ५० ला १. तेच मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये जातं, बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला ओलं करतं आणि मग वर जळायला जातं. फुल रेसला क्रँक मिनिटाला १३,००० च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला २०० च्या वर फेरे. तेवढ्यात मिश्रणात हवा जास्त झाली की पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि उष्णता मात्र वाढलेली. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. याला बिघडायला आठवडा लागत नाही, अर्धं मिनिट पुरतं.

मी मामांना पेट्रोलची बाटली मागितली. त्यांनी पिशवीतून पाण्याची जुनी बाटली काढली. उजेडात धरली तर तळाला बोटभर थर वेगळा दिसत होता, वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल आणि खाली पाण्यासारखं फिक्कट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून खाली बसतात. ऑइल वर पेट्रोलातच राहतं. कटरच्या टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला तळाशी लोळत असतो, तो नेमका खालचा थर ओढतो. आमच्याकडच्या पावसात झाकण सैल असलेली बाटली झाडाखाली दिवसभर उघड्यावर राहिली की एवढं पाणी शिरायला काही लागत नाही.

इथंच मी थांबू शकलो असतो. "मामा, पेट्रोलात पाणी" म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि खर्चही निमूट दिला असता. कारण खरंच होतं. पण मे महिन्यातला एक आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मे मध्ये कटर आला तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेल्या हवेचा दाब, ८५ पीएसआय दाखवत होतं. चांगल्या कटरला १४० च्या आसपास हवं. रिंग झिजलेली, सिलिंडर घासलेलं, म्हणून किट घातलं. पहिल्यांदा चालू केला, रेस दिली, रेस सोडली. कटर लगेच स्लोवर आला नाही. दोन-तीन सेकंद वर लटकून राहिला आणि मग हळूहळू उतरला. मी एल स्क्रू थोडा उघडला, पेट्रोल वाढवलं, आवाज नीट झाला. बाहेर सहा गिऱ्हाईकं उभी होती. 'झालं' म्हणालो.

रेस सोडल्यावर इंजिन लटकतं याचा अर्थ कुठूनतरी चोरून हवा आत येते. हे शिकणाऱ्या पोरालाही मी सांगतो. या धंद्यात बरेच जण सगळं स्क्रूवर मिटवतात आणि मी त्यांना नावं ठेवत आलोय. त्या दिवशी मीही तेच केलं.

म्हणून मामांना चहाला पाठवून मी हवेची टेस्ट लावली. त्यासाठीचा पंप महाग येतो. मी बीपी तपासायच्या जुन्या मशीनचा रबरी फुगा आणि घड्याळ वापरतो. सायलेन्सरच्या तोंडाला आणि कार्बोरेटरच्या जागी ट्यूबच्या रबराचे तुकडे घट्ट आवळायचे, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि काटा २५० वर नेऊन सोडायचा. चांगलं इंजिन काटा धरून ठेवतं. इथं काटा बघता बघता ८० वर आला. साबणाचं पाणी सोडलं. फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) मागं, क्रँकच्या ऑइल सीलभोवती, तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. फ्लायव्हील धरून वर-खाली हलवलं तर हाताला खुट्ट लागलं. आत-बाहेर किंचित हललं तर चालतं, वर-खाली नाही. बेअरिंग गेलेलं, त्यामुळे क्रँक नाचतो, त्यामुळे सील ओठ उघडून बसलंय. मे मध्येही ते असंच असणार. बेअरिंग दोन महिन्यांत एवढं जात नाही.

मामा परत आले. मी बुडबुडे दाखवले आणि सांगितलं, "पेट्रोलात पाणी आहे हे खरं. सीलही गेलंय. मे मध्ये मला आवाज आला होता, मी बघितलं नाही."

"बघितलं असतं तर कळलं असतं काय?"

"होय मामा. वीस मिनिटांचं काम होतं."

ते बराच वेळ त्या साबणाच्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता नवा घेऊया काय? ते सात हजारात येतंय बघा, मोबाइलवर. ५८ सीसी."

हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. माझा ठोकताळा असा की दुरुस्ती नव्या, त्याच दर्जाच्या कटरच्या निम्म्यावर गेली की नवा घ्या. त्यातला 'त्याच दर्जाच्या' लोक ऐकतच नाहीत. सात हजारांच्या कटरशी तुलना करून तीस हजारांचा कटर भंगारात घालतात. त्या स्वस्त कटरांवर सीसीचा आकडा मोठा असतो, पण क्लच, चेनला तेल सोडणारा ऑइल पंप, चेन ब्रेक यांचं काय हे कुठंच लिहिलेलं नसतं. घरच्या जळणाला, वर्षातून चार दिवस, तो घ्यायला माझी हरकत नाही. झाडावर चढून दोरखंडाला लटकत फांदी कापणाऱ्याच्या हातात मी तो देणार नाही. बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, उसळून तोंडाकडे आला तर चेन थांबवायला तो ब्रेकच असतो.

दुसरी गोष्ट, कशाची दुरुस्ती? पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर, क्लच ही बदलायचीच सामग्री. क्रँककेस तडकली, बेअरिंगची बैठक ढिली झाली, कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं, तर मात्र मी स्वतः 'सोडा' म्हणतो. मामांची क्रँककेस शाबूत होती. सिलिंडरचं काय ते बघायला मी कापसाच्या काडीने संडास धुवायचं ॲसिड फक्त चिकटलेल्या ॲल्युमिनियमवर लावलं. ते फसफसून सुटतं, आतला कडक मुलामा राहतो. भोकांच्या कडेला ॲसिड लागू द्यायचं नाही, तिथं खालचं ॲल्युमिनियम उघडं असतं. चारदा लावलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं, नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. सिलिंडर वाचलं.

हिशेब कागदावर मांडला. पिस्टन, रिंग, दोन बेअरिंग, दोन सील, गॅस्केट, पेट्रोलची नळी मिळून २,६०० रुपये. मजुरी माझ्याकडे. मामा कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "करा तर. खरं चालाय पायजे."

बेअरिंग मी स्वतः बेळगावला उद्यमबागेकडे जाऊन आणले, हातात घेऊन फिरवून. क्रँक रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणात ठेवला आणि सकाळी क्रँककेस हॉट गनने तापवली. तापलेल्या केसमध्ये बेअरिंग ठोकावं लागत नाही. सोडलं की आपल्या वजनाने 'टक्' करून बसतं. ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्या दिवसापासून मार खाल्लेलं असतं, आणि हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. सगळं जोडून काटा परत २५० वर नेला आणि घड्याळ बाकावर ठेवून चहा प्यायलो. कप रिकामा झाला तरी काटा तिथंच.

तिसऱ्या दिवशी मामा आले. नवं मिश्रण घातलं, जुन्या बाटलीतलं सगळं फेकलं. चौथ्या ओढीला कटर लागला. दोन मिनिटं गरम होऊ दिला, फुल रेस दिली आणि सोडली. लगेच खाली.

"हे ऐका मामा. सोडलं की खाली आलं पाहिजे."

"परत करा," ते म्हणाले. मी केलं. "आणि एकदा." केलं.

कटर बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "मे मध्ये कसा येत होता?" मी तोंडाने तो लटकलेला आवाज काढून दाखवला.

मामांनी कटर पोत्यात घालता घालता मान वर केली. "ह्यो मी रोज ऐकलाय की. नवा पिस्टन घातलाय, जोरात आहे म्हणून बरं वाटायचं."